मथुराबाईचा सा

श्रावणच्या छातीत दम किती होता, ते बाभुळगावच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांना माहीत होतं. सनई एकदा तोंडाला लागली की वरात वेशीतून निघून मांडवात पोचेपर्यंत सूर तुटायचा नाही. नाकाने हवा आत ओढायची आणि त्याच वेळी गालांत साठवलेली बाहेर सोडायची, ही त्यातली खुबी. बापाने ती त्याला लोटाभर पाणी आणि एरंडाच्या पानाचा पोकळ देठ देऊन शिकवली. देठ पाण्यात बुडवून फुंकत राहायचं, बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. सहा वर्षं त्याने धपाटे खाल्ले. सातव्या वर्षी बुडबुडे काही थांबेनात, आणि धपाटा घालायला टपून बसलेला बाप बसल्या जागी पेंगला.

पण ज्या मांडवात त्याची सनई सगळ्यांच्या पुढे चालायची, त्याच मांडवात जेवणाच्या वेळी तो सगळ्यांच्या मागे, उकिरड्याच्या अंगाला बसायचा. भाकर वरून पडायची. वाजवणारे महार आणि ऐकणारं गाव, ही रीत कधीपासूनची ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

छप्पनच्या दसऱ्याला गावचे तीस-चाळीस जण नागपूरला दीक्षेला गेले, बरेचसे पायी. परत आले ते पांढऱ्या कपड्यांत आणि ताठ मानेने. वस्तीत बैठक बसली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, कातड्याला हात लावायचा नाही, कोणाच्या दारात वाजवायचं नाही, देव घरात ठेवायचे नाहीत. मॅट्रिक झालेला भीमराज आपणच लिहिलेला एकेक ठराव वाचत होता. वाजवण्याचा ठराव आला तेव्हा तो जरा अडखळला आणि श्रावणकडे पाहू लागला. श्रावणचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे काही शहाण्यांनी आवई उठवली की बिचाऱ्याची कला जबरदस्तीने काढून घेतली. कोणी काढून घेतली नाही. त्याने आपल्या हाताने सोडली, आणि सोडली याचा त्याला कधी पस्तावा झाला नाही. दुःख झालं, पण ते वेगळं.

देव फडक्यात बांधून बेंबळा नदीत सोडले. दगडाचे, पितळेचे देव, गुमान बुडाले. श्रावणने त्यांच्यामागून सनई सोडली. ती लाकडाची, ती बुडेना. आडवी होऊन हेलकावे खात नदीच्या वळणापर्यंत गेली आणि तिथे लव्हाळ्यात थोडा वेळ अडकून बसली. त्याची बायको मथुराबाई काठावर उभी होती.

"चला आता," ती म्हणाली. "पाह्यत नोका बसू."

तो उठला. तिच्यामागून घरी आला.

हात रिकामे झाले, पण छाती रिकामी होईना. परक्याच्या शेतात निंदण करताना त्याचे गाल आपोआप फुगायचे, नाक आपोआप हवा ओढायचं. सोबतचे मजूर हसायचे. मथुराबाई हसायची नाही.

मथुराबाई दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत कोसभरावरच्या कापसाच्या जिनात कामाला जायची. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांपुढे कापूस टाकायचा, सरकी ओढायची, दिवसभर रुईच्या धुरळ्यात उभं राहायचं. संध्याकाळी परत यायची तेव्हा केसांवर, भुवयांवर पांढरा थर असायचा. "पाहा वो, एका दिवसात म्हातारी झाली तुमची बायको," असं म्हणत ती दारात लुगडं झटकायची. आणि सकाळी जात्यावर बसली की गायची. आवाज मोठा नव्हता तिचा, पण जिथे ठेवला तिथे राहायचा. शेजारणी आपलं दळण थांबवून ऐकत बसायच्या.

जिनाचा भोंगा सकाळी व्हायचा. खालून चढत यायचा आणि मग एका जागी ठरायचा. मथुराबाईची ओवी नेमकी त्याच जागेवरून सुरू व्हायची. हे तिच्या ध्यानात नव्हतं. श्रावणनेच ते तिला दाखवून दिलं. सा म्हणजे गाण्याचं घर, तिथून निघायचं आणि फिरून तिथेच यायचं. तर हिचं घर आणि भोंग्याचं घर एकच.

"रोज त्याच्याच हाकेवर जातो आमी," ती म्हणाली, "तं सूरबी त्याचाच लागते."

श्रावणला मात्र त्या भोंग्याची चीड होती. भोंगा म्हणजे दम आहे पण अक्कल नाही असा वाजंत्री, असं तो म्हणायचा.

सत्तावनच्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडच्या तांड्यातला देवीलाल गाडी घेऊन दारात आला. देवीलालचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडायचे. तो स्वतः चार एकर जमीन कसायचा, पण महिन्यातून एकदा गाडी जुंपून कुठेतरी निघाल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. यवतमाळात एक नाटक कंपनी मोडली होती, तिचं सामान त्याने वाहिलं. त्यातलं एक धूड कोणीच घेईना म्हणून गाडीत टाकून आणलं. हातपेटी होती ती. भाता उंदरांनी खाल्लेला, पट्ट्या कुठे आहेत, कुठे नाहीत.

"भिया," देवीलाल म्हणाला, "माह्या पोरीच्या लग्नात तू वाजवलं होतं. तुही सनई गेली तसा तांडा मुका झाला पाय. हे घे. हे कोणाच्या दारात नाही न्या लागत. घरात बसून वाजते."

"मले कुठं येते हे?"

"मायच्या पोटातून आला तव्हा सनई येत होती का तुले?"

श्रावणने पेटी उघडली. सनईला पानाची एकच जीभ असते. इथे प्रत्येक पट्टीखाली पितळेची एकेक, अशा सदतीस जिभा निघाल्या. त्या त्याने सोडवून ओळीने सुपात मांडल्या, आणि पाहतच राहिला. तेवढ्यात आठ वर्षांची नलू, त्याची एकुलती लेक, कोंबडीमागे धावत घरात शिरली. कोंबडी सुपात उडाली. सदतीस जिभा घरभर झाल्या, आणि कोणती कुठली ते कळायला एकीवरही खूण नव्हती.

दुसरा कोणी असता तर पेटी चुलीत घातली असती. श्रावणने एकेक जीभ ओठांत धरून फुंकली. ही हिच्यापेक्षा वर, ती तिच्यापेक्षा खाली, असं करत ओळ लावायला घेतली. शेतातून आल्यावर दिवस मावळेपर्यंत तो हेच करायचा. पितळेने ओठ चिरले, भाकरीचं मीठ झोंबू लागलं.

"पितळ चाटून पोट भरत असंन तं सांगजा," मथुराबाई म्हणाली. "मी सैपाक नाई करत."

ओळ लागायला अडीच महिने गेले. मग सुरांची दुरुस्ती कशी करतात ते शिकायला तो यवतमाळला एका म्हाताऱ्या पेटीवाल्याकडे गेला. म्हाताऱ्याने दोनदा त्याला 'उद्या ये' म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय झालं?" श्रावणने सांगितलं. म्हाताऱ्याने त्याला आत बसवून घेतलं. मग एक जीभ हातात घेऊन म्हणाला, "शेंड्याला घासलं की सूर चढतो. बुडाशी घासलं की उतरतो. बाकी सगळं कानाचं काम. पण एक ध्यानात ठेव, घासलेलं पितळ काही परत वाढत नाही." श्रावणची शाळा एवढीच झाली.

भात्याचं घोडं अडलं ते कातड्यावर. भात्याच्या सांध्यांना बकरीचं मऊ चामडं लागतं, आणि कातड्याला हात लावायचा नाही असा ठराव.

"दादा, ठराव मेलेल्या ढोराचा होता," भीमराज स्वतः येऊन म्हणाला. "पेटीले चामडं लावलं तं कोणी काही म्हणत नाही."

"ठरावात तसं लिहिलं हाये का?"

ज्याने ठराव लिहिला त्याच्यापेक्षा ज्याने तो पाळला तो जास्त कडक निघाला. श्रावणने जुन्या छत्र्यांचं काळं कापड जमवलं, खाली पुठ्ठा दिला, चिंचोक्याची खळ करून थरावर थर चिकटवले. पहिला भाता चार दिवसांत उकलला. दुसऱ्याची खळ उंदरांनी खाल्ली. मग त्याने खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घातला, तर कापड कडक होऊन घडीवर तडकलं. असे दीड वर्षात सात भाते झाले. मथुराबाई चिंचोके भाजता भाजता म्हणायची, की एवढ्या खळीत गावभराच्या पतंगी झाल्या असत्या. पण आठव्या भात्यात हवा भरून त्याने हात सोडला, आणि भाता फुगलेलाच राहिला. एकोणसाठचा हिवाळा होता तो. श्रावण कितीतरी वेळ त्या फुगलेल्या भात्यावर नुसता हात ठेवून बसला. त्याच्या छातीत तीन वर्षं कोंडलेली हवा आता बाहेर ठेवायला जागा झाली होती.

मग सूर लावणं आलं. दोन सूर जवळजवळ एक असले आणि अगदी एक नसले, तर ते एकत्र वाजताना एक लहर ऐकू येते, तळ्यावर वारा आल्यासारखी. सूर जवळ येतील तशी लहर मंद होते, आणि एक झाले की नाहीशी होते. श्रावण मथुराबाईला समोर बसवायचा. ती 'आ' लावायची, तो पट्टी दाबायचा, डोळे मिटून लहर ऐकायचा. जीभ काढायची, कानसेने एक रेघ मारायची, परत बसवायची. पेटी तिच्याच सुरावर लावायची हे त्याने कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. सनईवाल्याला घडवलेल्या वस्तूचा भरवसा नसतो, माणसाच्या गळ्याचा असतो. गळा खरा धरायचा आणि वस्तू त्याला लावून घ्यायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यामुळे ती पेटी एकट्या मथुराबाईची झाली. भीमराजचा मारेगावचा मेव्हणा गाणारा होता. तो आपल्या सुरात गायला बसला आणि तोंड वाकडं करून उठला. "बेसूर हाये ही," म्हणाला.

"पेटी बेसूर नाही," श्रावणने ऐकवलं. "तुमचं घर दुसऱ्या गल्लीत हाये."

भीमराजने समजूत घातली, की दादा, जयंतीला चार जण गातील, सगळ्यांना चालेल अशी लाव.

"लावतो. पण पह्यले एक गाणं," श्रावण म्हणाला. "मथुरा अन् पेटी. दोघीचा सूर असा लागला पाह्यजे का कोन कोनती ते मले सुदा समजू नये. तेवढं एक डाव होऊ दे. मंग सगळ्याईसाठी लावतो."

एवढंच त्याला हवं होतं.

साठ सालच्या जयंतीला मथुराबाई पांढरं लुगडं नेसून माणसांपुढे उभी राहिली. गाणं तिनेच जात्यावर जुळवलेलं.

"वेशीबाहेरच्या घरात बाई, दिवा लागला पाटीपाशी,
लेक माही आखर वाचे, मी ऐकतो जात्यापाशी."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. देवीलाल तांड्यातली दहा माणसं घेऊन आला होता. तो तर उघड रडला. एकट्या श्रावणचं तोंड आंबलेलं. वरच्या दोन सुरांवर लहर होती. कोणाला ऐकू आली नव्हती, पण त्याला आली होती.

"पुढच्या साली," मथुराबाई म्हणाली.

पुढच्या साली, जिन बंद झाल्यावर, उन्हाळ्यात दोघं परत समोरासमोर बसली. काम तो उन्हाळ्यातच काढायचा. तेव्हा तिला सवड असायची आणि भोंगाही कानात घुसायचा नाही. तिने 'आ' लावला. त्याने पट्टी दाबली आणि कपाळाला आठी घातली. वरच्या सुरांचं जाऊ द्या, साधा सासुद्धा जुळत नव्हता. पेटी केसभर वर बोलत होती.

"हे काहून झालं?"

मथुराबाईने पदराने मान पुसली. "पेटी चढली असंन. ऊन का कमी हाये?"

त्याला पटलं. पितळच ते, उन्हाने इकडेतिकडे होणार. त्याने सगळ्या जिभा बुडाशी घासून केसभर उतरवल्या. बासष्टला परत तेच. पेटी परत चढलेली, त्याने परत उतरवली.

मथुराबाई खोकत होती. पण जिनातल्या सगळ्याच बाया खोकायच्या. गूळ खायच्या आणि घशात रुई बसली म्हणायच्या. ओळीच्या मध्ये तिचा दम तुटू लागला, तेव्हा श्रावणने लोटाभर पाणी आणि एरंडाचा देठ तिच्यापुढे ठेवला. "शिकवतो तुले. नाकानं आत, गालानं बाहेर." तिने फुंकलं. तीन बुडबुडे आले आणि ठसका लागला; पाणी त्याच्याच तोंडावर उडालं. दोघं हसत सुटली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो थांबेचना. बुडबुडे थांबले की त्याच्या पाठीत बाप धपाटा घालायचा; आता तिची पाठ समोर होती. श्रावण तिच्यावरून हात फिरवत राहिला. नलू दारात उभी राहून पाहत होती. ती आता तेरा वर्षांची झाली होती.

आता कोणीही विचारेल, की ज्याला केसभर लहर ऐकू येते, त्याला बायकोचा आवाज उतरतोय हे कसं कळलं नाही? मला त्याचा राग येतो, आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांत पाणी येतं. गळा खरा आणि वस्तू खोटी, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तिचा गळा चुकेल हे त्याच्या मनातच येऊ शकत नव्हतं. परक्या बाईचा आवाज असता तर त्याने पहिल्या उन्हाळ्यातच ओळखलं असतं.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात मथुराबाईला उभं राहवेना. देवीलालने गाडीत गवत अंथरून तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आराम सांगितला, आणि श्रावणला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं फार आत गेलं आहे. येताना कळंबपर्यंत तो गाडीमागून चालत आला. मग म्हणाला, "गोळ्या खाशील तं जयंतीपावतर उभी राहशील तू." ती गाडीच्या दांडीला टेकून बसली होती. "हो," म्हणाली.

भादव्यात एका दुपारी पाऊस उघडला आणि अंगणात ऊन आलं. तिनेच पेटी काढायला लावली. भिंतीला टेकून तिने सा लावला, बारीक, कापडातून गाळल्यासारखा. पेटी फारच वर होती. श्रावणने घासलं. परत घासलं. चौथ्या वेळी त्याने पट्टी दाबली, तिने सूर लावला, आणि लहर नव्हती. डोळे मिटून तो ऐकत राहिला. एकच सूर होता, कोणता तिचा आणि कोणता पेटीचा ते त्याला सांगता आलं नसतं. भाता हलवत तो कितीतरी वेळ त्या सुरात बसून राहिला. मग डोळे उघडून पाहतो तर मथुराबाईचं तोंड मिटलेलं होतं. ती केव्हाच थांबली होती. त्याच्याकडे पाहत होती.

"लागला!" तो ओरडला. चाळिशी ओलांडलेला तो माणूस लहान पोरासारखा रडू लागला. "मथुरे, लागला वो! तू थांबली तं मले समजलं नाही!"

"लागला ना?" ती म्हणाली. "मंग आता राहू द्या. आता नोका घासू."

वावरात कापूस फुटायला लागला तेव्हा ती गेली.

पुढचे दिवस श्रावण सकाळी उठून पेटी पुढे घ्यायचा आणि सा ची एकच पट्टी दाबून बसायचा. तिचा आवाज तिथे ठेवलेला होता. तो काय गाणार, काय वाजवणार. नुसता तो सूर ऐकायचा आणि शेतात जायचा. नलू भाकरी करता करता ऐकत असायची.

एका सकाळी तो असाच बसला असताना जिनाचा भोंगा झाला. हंगामातला पहिला. खालून चढत आला आणि आपल्या जागी ठरला. श्रावणचा हात पट्टीवरच होता. दोन सूर एकत्र वाजले, आणि लहरसुद्धा नव्हती त्यांच्यात, इतकं अंतर होतं. पेटी भोंग्याच्या पुरी एक पायरी खाली बोलत होती.

"भोंगा चढला का काय?" तो स्वतःशी म्हणाला. म्हणता म्हणताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भोंगा तोच हाये, बाबा," नलू चुलीपाशी म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "पेटीबी चढत नव्हती. मायच उतरून राह्यली होती. तिले मालूम होतं. मी म्हटलं, बाबाले सांग. तं म्हणे, त्याहिची सनई पाण्यात जातांना पाह्यली म्या. आता हे हाती आलं हाये. सांगितलं तं कानस ठेवून देतीन. नोको सांगू."

श्रावणने पट्टीवरचा हात उचलला. पेटीखाली फडकं होतं, त्यावर तीन वर्षांचा पितळेचा कीस पडलेला होता, बारीक, चमकणारा. ती जेवढी उतरली तेवढं त्याने स्वतःच्या हाताने घासलं होतं. तिचा एकेक श्वास कमी होत होता आणि हा पितळ मापात आणत होता, आणि वर तिच्यापुढे ओरडला होता, लागला म्हणून. त्याने ते फडकं छातीशी धरलं आणि जोरजोरात ओरडून रडला. वस्ती गोळा झाली. सनई सोडली तेव्हा, मथुराबाई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने कानस काढली. भीमराजला वाटलं, आता हा पेटी मोडणार. श्रावणने जिभा शेंड्याला घासायला घेतल्या. रोज सकाळी भोंगा झाला की त्या सुरावर कान ठेवून एकेक रेघ. पेटी केस केस वर येऊ लागली. आणि वर येता येता त्याला मथुराबाई भेटू लागली. आधी भादव्यातली, भिंतीला टेकलेली. मग लोट्यातलं पाणी उडवून हसणारी. होळीच्या सुमारास एक दिवस पेटीतून साठ सालची, पांढऱ्या लुगड्यातली मथुराबाई दोन सुरांपुरती बोलली, तेव्हा नलू भाकर तव्यावर तशीच सोडून बाहेर आली.

जिन बंद व्हायला आलं तेव्हा बाकीचे सूर जागेवर आले होते. सा तेवढा किंचित खाली होता. त्या सकाळी भोंगा ठरला, श्रावणने पट्टी दाबली. लहर होती, अगदी मंद. त्याने जीभ काढली, शेंड्याला एक रेघ मारली, बसवली. भोंगा अजून चालू होता. लहर आणखी मंद झाली आणि थांबली. मथुराबाईचा सा लागला, पुरा, जात्यावरचा, लग्न होऊन आली तेव्हाचा. एक श्वासभर वाजला. आणि बुडाशी तीन वर्षं घासलेली ती जीभ तिथेच तुटली. पट्टी दाबलेलीच होती. आतून नुसती हवा येत राहिली.

पुढे श्रावणचं नाव झालं. कळंबपासून मारेगावपर्यंतच्या पेट्या बैलगाड्यांतून त्याच्या दारात येऊ लागल्या, आणि त्या तो सगळ्यांना चालतील अशा लावून द्यायचा. भीमराजने यवतमाळहून सा ची नवी जीभ आणून दिली. "दादा, दहा मिनिटांचं काम हाये तुमच्यासाठी," म्हणाला. श्रावणने ती डबीत ठेवली. डबी अजून फळीवर आहे.

दर जयंतीला तो ती पेटी घेऊन बसतो आणि मथुराबाईचं गाणं वाजवतो. गात कोणी नाही. ओळ फिरून घरी येते, तो सा ची पट्टी दाबतो, आणि पेटीतून नुसता श्वास येतो. नवखी माणसं एकमेकांकडे पाहतात. श्रावण तिथे थांबतो, तो श्वास पुरा होऊ देतो, आणि मग पुढची ओळ घेतो.